पाचवा हात

साळू हिलम बोंडशेतची सरपंच झाली त्या दिवशी ती दाजी पाटलांच्या शेतात भात कापत होती. पाटलांचा गडी बांधावरून ओरडला, "साळू, विळा ठेव आन् चल. तुला सरपंच करायचाय." कापणीच्या बायका हसल्या, साळूही हसली. तिला वाटलं, थट्टा करतोय.

थट्टा नव्हती. पंच्याण्णव साल होतं. नव्या कायद्याने गावोगाव राखीव जागा आल्या होत्या आणि पनवेलपासून एसटीने अर्ध्या तासावरच्या बोंडशेतचं सरपंचपद आदिवासी बाईसाठी निघालं होतं. बोंडशेतात आदिवासी म्हणजे डोंगराच्या पायथ्याची उंबरवाडी, कातकऱ्यांच्या तेवीस झोपड्या. तिथल्या जागेसाठी दाजींनीच साळूचा अर्ज भरून अंगठा घेतला होता. दुसरा अर्ज आलाच नाही आणि ती बिनविरोध निवडून आली. तिचा नवरा देवजी दाजींच्या शेतावर राबायचा. सगळी वाडीच दाजींच्या जमिनीवर उभी होती. ही बाई आपल्या शब्दाबाहेर जाणार नाही याची दाजींना खात्री होती. सरपंच ती, उपसरपंच ते स्वतः.

साबिराने साळूला नीट पाहिलं ते त्याच दिवशी, पंचायतीच्या कचेरीत. साबिरा मुकादमही नवीनच सदस्य. मोहल्ल्यातली चाळीस घरं कोकणी मुसलमानांची, त्यातले निम्मे पुरुष आखातात. तिचा नवरा इलियास कुवेतला. मोहल्ल्यातली जागा बाईची निघाली तेव्हा जमातीच्या वडीलधाऱ्यांनी तिचं नाव पुढे केलं, कारण माहेरी उरणला ती मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकली होती आणि तिला सरकारी कागद वाचता येत होते. साबिराला राजकारणाची हौस नव्हती. नाही म्हणायची सवय नव्हती, एवढंच.

साळू आली ती पायांच्या चिखलासकट. टेबलामागची खुर्ची रिकामी होती. तिच्याकडे न बघता ती भिंतीशी खाली बसली. "बस तिथंच, काय नाय," दाजी म्हणाले आणि कामकाज सुरू झालं. सात सदस्य, सहा खुर्चीवर, सरपंच जमिनीवर. साबिराला ते कसंनुसं झालं. ती उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जाऊन साळूच्या शेजारी जमिनीवर बसली. पुढच्या सभेला तिने साळूचा दंड धरला आणि म्हणाली, "आज वर बसायचं. मी आहे ना शेजारी." साळू खुर्चीच्या अगदी कडेला टेकली, उठायला सांगतील तर पटकन उठता यावं अशी.

तिथून दोघींचं जमलं. सभेच्या आदल्या दिवशी साळू मोहल्ल्यात यायची, साबिराच्या पडवीत बसायची, आणि साबिरा तिला विषयपत्रिका वाचून दाखवायची. "वाचून घेतल्याबिगर अंगठा द्यायचा नाय," हे साळूने स्वतःच ठरवलं. पहिल्यांदा तिने दाजींना तसं सांगितलं तेव्हा दाजी हसले. दुसऱ्यांदा हसले नाहीत.

शहाण्णवच्या जूनमध्ये साळूने पहिल्यांदा स्वतःचा विषय मांडला. त्या सभेला दाजी नव्हते, कसल्याशा कामाला पनवेलला गेले होते. साळू म्हणाली, "गावात समद्या दारांवर पत्र्याचा नंबर हाय. आमच्या वाडीला का नाय?"

ग्रामसेवक म्हणाला, "झोपड्यांना नंबर नसतो, बाई."

"आमी त्यात र्‍हातो. माझी सासू तितं मेली, पोरं तितं झाली. मतांच्या यादीवाला हिवाळ्यात आला, आमी वीटभट्टीवर. बारा जणांची नावं खोडून गेला. विचारलं तर म्हनतो, घर नंबर सांगा. रेशनवाला म्हनतो घर नंबर सांगा. मी सरपंच हाय आन् मला घर नाय?"

बौद्धवाड्यातला तुळशीराम लगेच म्हणाला, "ठराव घ्या." साबिराने हात वर केला. ठमाबाई ही दाजींच्या आळीतली विधवा; तीही म्हणाली, "द्या की नंबर. मानसं र्‍हातात ना तितं." चार हात झाले. तेवीस घरांना नंबर देऊन पंचायतीच्या वहीत नोंद करायची, असा ठराव झाला. साबिराने तो मोठ्याने वाचून दाखवला आणि साळूने अंगठा उठवला. त्या संध्याकाळी वाडीतून साबिराकडे रानातल्या करटुलांची पाटी आली.

दाजी पनवेलला कशासाठी गेले होते ते नंतर कळलं. तिकडे कामोठ्याच्या बाजूला इमारती उठू लागल्या होत्या आणि मुंबईची माणसं गाड्या घेऊन डोंगराच्या कडेने जमिनी बघत फिरत होती. दाजींनी पायथ्याच्या जमिनीचा व्यवहार पक्का करत आणला होता, वाडीसकट. घेणाऱ्याला मोकळी जमीन हवी होती. पंचायतीच्या वहीत तेवीस घरं चढली असती तर ती मोकळी राहिली नसती. दाजींनी आरडाओरडा केला नाही. ग्रामसेवकाने नोंदीचं काम "तालुक्याला विचारून करू" म्हणून बाजूला ठेवलं, आणि दाजी साळू भट्टीवर जायची वाट बघत राहिले.

सरपंच झाली तरी साळूला भट्टी चुकली नव्हती. दिवाळी झाली की सगळी वाडी विटा पाडायला जायची ती मे महिन्यात परतायची. साळू आणि देवजी उरणच्या रस्त्यावरच्या एका भट्टीवर होते. दर महिन्याच्या सभेला ती तिथून पायी यायची आणि पायी जायची. जानेवारीत तिला निरोपच गेला नाही. फेब्रुवारीत, ईद होऊन आठवडा झाला होता तेव्हा, तुळशीराम धावत साबिराकडे आला. साळूच्या बंद झोपडीच्या दाराला नोटीस चिकटवली होती. सरपंच गावात राहत नाहीत, कामात हेळसांड करतात, सबब अविश्वासाचा ठराव. सभा चार दिवसांनी.

"पाच हात लागतात," तुळशीराम म्हणाला. "दाजी, त्यांची सून रोहिणी, त्यांच्याच आळीतला अविनाश आणि ठमाबाई. ठमाबाईला फिरवलीय त्यांनी. चार झाले. पाचवा नाही त्यांच्याकडे. तुम्ही, मी आणि साळू घट्ट राहिलो तर काही होत नाही."

साबिरा दुसऱ्या दिवशी उरणची एसटी धरून भट्टीवर गेली. राखेच्या आणि तापलेल्या मातीच्या वासात बायका डोक्यावर विटा घेऊन रांगेने चालल्या होत्या. त्यांत बोंडशेतची सरपंच कोणती हे तिला पटकन ओळखू आलं नाही. साळूच्या केसांवर, भुवयांवर लाल धूळ बसली होती. तिने डोक्यावरच्या विटा उतरवल्या आणि पदराने तोंड पुसलं.

साबिराने नोटिशीतलं सगळं सांगितलं. साळूने ऐकून घेतलं.

"मी काडली गेले तर घरांचे नंबर र्‍हातील का?"

"नाही राहणार. दुसऱ्याच सभेत रद्द करतील."

"मग येते." पदर खोचत तिने विचारलं, "भाबी, तुजा हात?"

"माझा हात वर जाणार नाही, साळू. कसम सांगते."

साळूने मान हलवली आणि विटा परत डोक्यावर चढवायला वाकली. साबिराने तिला हात दिला.

साबिरा घरी परतली तेव्हा पडवीत खुर्च्या मांडलेल्या होत्या. इलियास ईदसाठी सुट्टीवर आला होता. त्याच्या शेजारी जमातीचे मुखिया शर्फुद्दीनचाचा, आणि समोर दाजी पाटील, हातात चहाचा कप.

"या, साबिराबाय," दाजी म्हणाले. "तुमच्याच घरी तुमचीच वाट बगत बसलोय."

दाजी गोड बोलत होते. पायथ्याची जमीन मोजून झाली होती, आणि मोजणीत कबरस्तानाचा पूर्वेकडचा कोपरा त्यांच्या हद्दीत निघाला होता. खुंटा आत ठोकला गेला होता. "मला त्यात काय रस नाय. तुमची मानसं तितं झोपल्यात. मी लिवून देतो, कोपरा सोडला म्हनून. वर भिंतीचा ठराव पण करून घेऊ, पक्की भिंत. पन पंचायतीत मानूस पायजे ना ऐकनारा. भट्टीवरनं काय पंचायत चालते?" त्यांनी कप खाली ठेवला. "घेनारी पार्टी मुंबईची हाय. त्यांनी एकदा तार मारली की माझ्या हातात काय र्‍हानार नाय."

पूर्वेच्या कोपऱ्यात लहान मुलांच्या कबरी होत्या. तिथे साबिराचा पहिला मुलगा होता, आठ महिन्यांचा. हुदा आणि माज त्याच्यानंतर झाले. दाजींना हे माहीत होतं की नाही, साबिराला शेवटपर्यंत कळलं नाही. इलियासला माहीत होतं. तो जमिनीकडे बघत होता.

दाजी गेल्यावर शर्फुद्दीनचाचा म्हणाले, "पोरी, चार वर्षांपूर्वी मुंबईत काय झालं ते तू विसरली नसशील. तेव्हा या गावात आपल्या दारावर एक दगड आला नाही. का? पाटलाशी आपलं बरं होतं म्हणून. आपली चाळीस घरं. आपल्याला इथंच राहायचंय आणि इथंच दफन व्हायचंय."

"आणि त्यांची तेवीस घरं, चाचा?"

"त्यांच्यासाठी दुआ कर."

"मी जबान दिलीय तिला."

"जमातीने तुला तिथं बसवलंय," चाचा उठत म्हणाले. ते रागावले नव्हते. रागावले असते तर साबिराला सोपं गेलं असतं.

इलियासने चाचांना दारापर्यंत सोडलं. जेवताना एवढंच म्हणाला, "मी दोन आठवड्यांनी जाणार. तू इथं एकटी असशील, दोन मुलांना घेऊन." पुढे थोड्या वेळाने, ताटातच बघत, "त्याच्यावरून गाडी गेलेली मला बघवणार नाही, साबिरा."

सभेच्या दिवशी कचेरीबाहेर गर्दी होती. तालुक्याहून नायब तहसीलदार आले होते, तेच अध्यक्ष. साळू वेळेवर आली. पहाटे निघून चालत आली होती, केसांतली धूळ तिने नीट धुतली होती, आणि आल्या आल्या ती साबिराच्या शेजारच्या खुर्चीवर टेकून, पाठ सरळ करून बसली. कडेला नाही, खुर्चीभर. तिने साबिराकडे बघून हसल्यासारखं केलं. साबिराने तिच्याकडे बघितलं नाही.

नायब तहसीलदारांनी ठराव वाचला आणि साळूला विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?"

साळू उभी राहिली. "मला काडा, सायेब. माजं काय नाय. पन वाडीच्या घरांचा ठराव वहीत हाय तो र्‍हाऊ द्या. मी गावात र्‍हात नाय म्हनतात. गावात मला घर हाय असं लिवायलाच तर सांगत होते."

"तो आजचा विषय नाही, बाई," ते म्हणाले. आवाजात कठोरपणा नव्हता. नियम सांगितला होता. "ठरावाच्या बाजूने असणाऱ्यांनी हात वर करावेत."

दाजींचा हात वर गेला. रोहिणीचा. अविनाशचा. ठमाबाईने खाली बघत हात कानापर्यंत नेला. नायब तहसीलदारांनी मोजलं, "चार." दाजी साबिराकडे बघत होते. दारात शर्फुद्दीनचाचा उभे होते, त्यांच्या मागे इलियास.

साबिराला वाटलं होतं, त्या क्षणी काहीतरी होईल. आपल्याला भोवळ येईल, कोणी काही बोलेल, पंखा बंद पडेल. काही झालं नाही. तिने हात वर केला.

"पाच," नायब तहसीलदार म्हणाले आणि लिहू लागले.

शेजारची साळू हलली नाही. सगळं लिहून होईपर्यंत ती तशीच सरळ बसून होती. मग तिला कोणी सांगायच्या आधीच उठली.

साबिरा तिच्या मागे धावली. चिंचेखाली गाठलं. साळूच आधी बोलली.

"भाबी, भामा तापानं फणफणलीय. तिला भट्टीवरच्या झोपडीत टाकून आले." भामा तिची धाकटी मुलगी. "तू नुसता निरोप धाडायचा होतास. मी आले नसते."

"साळू, माझं ऐक..."

"ऐकलं मी. येताना वाटेत तुळशीराम बोलला मला, कबरीचं. पोराची माती हाय तुजी तितं." साळूने पायातलं काहीतरी काढून फेकलं, काटा असेल. "मी पन कदाचित तेच केलं असतं. पन मग मी कसम नसती खाल्ली."

ती उरणच्या रस्त्याला लागली. उन्हात ती बरीच लांबपर्यंत दिसत होती.

पुढच्या सभेत वाडीच्या घरांचा ठराव रद्द करायचा विषय आला. सरपंचपद आदिवासी बाईचं, आणि दुसरी आदिवासी बाई पंचायतीत नव्हतीच. कारभार दाजींकडे आला होता. तुळशीराम आजारी होता. साबिरा उभी राहून विरोधात बोलली, तिचं बोलणं संपेपर्यंत सगळे शांत बसले, आणि वहीत लिहिलं गेलं, विरोधात एक. त्याच सभेत कबरस्तानाच्या भिंतीचा ठराव एकमताने झाला.

मे महिन्यात वाडी परतली तेव्हा झोपड्या नव्हत्या. कूड, पेंढा, जळकी लाकडं एका बाजूला ढीग करून ठेवली होती आणि सिमेंटच्या खांबांना तार लागली होती. साबिरा कळल्याबरोबर गेली. बायका ढिगातून आपापली भांडी शोधत होत्या. साळू तिथे नव्हती. ती आणि देवजी तारेपाशी येऊन, बघून, मुलांना घेऊन तसेच माघारी गेले होते, असं कोणीतरी सांगितलं. पोलिसांत जाऊ, असं तुळशीराम म्हणत होता. तो गेलाही. तिथे त्याला विचारलं गेलं, घरं होती याला कागद काय? आठवड्याभरात वाडी पांगली. काही पेणकडे गेले, काही खाडीच्या काठाला.

भिंत मात्र दाजींनी शब्दाप्रमाणे बांधून दिली. चांगली, चिऱ्याची. साबिरा मुलाच्या कबरीवर फूल ठेवायला गेली की उभं राहिल्यावर भिंतीवरून पलीकडचं दिसायचं. वाडीच्या जागेवर घेणाऱ्यांनी आंब्याची कलमं लावली होती. फातिहा पढताना ती आता डोळे मिटून घेई.

सहा महिने सभेला गैरहजर म्हणून साळूचं सदस्यपदही गेलं. त्या जागेची पोटनिवडणूक लागली ती नव्याण्णव साली. मतदार यादी आली तेव्हा साबिराने उंबरवाडीचं पान शोधलं. पानच नव्हतं. सगळ्यांच्या नावापुढे "स्थलांतरित" लिहून नावं वगळली होती.

तिने तालुक्याहून नाव नोंदणीचे कोरे अर्ज आणले, वीस-पंचवीस. माज आता एवढा मोठा झाला होता की विचारू लागला, अम्मी, हे कशाला? तिने ते पिशवीत घातले. चौकशी करत करत ती उरणच्या पुढे, मोरा बंदराच्या अलीकडे खाडीच्या कडेला पोहोचली. मिठागराच्या बांधावर प्लास्टिकच्या कागदाची सात-आठ पालं होती.

साळू चुलीपुढे होती. वाळली होती. साबिराला बघून उठली नाही, पण "बस" म्हणाली आणि बसायला गोणपाट पुढे सरकवला. भामा आतून डोकावली, धडधाकट, सहा-सात वर्षांची. तिला बघून साबिराला एवढं हायसं वाटलं की तिने तिला जवळ ओढलं. भामा अवघडून उभी राहिली. तिला ही बाई आठवत नव्हती.

"पोटनिवडणूक आहे," साबिरा म्हणाली. "तुझीच जागा. यादीत नाव लागलं तर तू परत उभी राहू शकतेस. अर्ज मी भरते, तालुक्याला मी नेते, तुला यावंही लागणार नाही. आणि या वेळी..."

"या वेळी काय?" साळूने विचारलं. रागाने नाही. तिला खरंच ऐकायचं होतं.

साबिराने अर्ज गुडघ्यावर ठेवला आणि पेनचं टोपण काढलं. "नाव, साळू देवजी हिलम. वय सांग."

"तू लिव काय ते."

"पत्ता..." साबिरा म्हणाली आणि थांबली.

साळू चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "कुटल्या घराचा लिवशील, भाबी?"

खाडीवरून वारा येत होता, पालांचे कागद फडफडत होते. साबिराने पेनचं टोपण परत लावलं. साळूने चहा टाकला, कोरा. दोघींनी तो प्यायला. भामा शिकते का, साबिराने विचारलं. साळू म्हणाली, इथनं शाळा लांब हाय. निघताना साळू बांधापर्यंत सोडायला आली, आणि बोलली ती एवढंच की भरती चढायच्या आत रस्त्याला लाग.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी साबिरा दुपारी तीन वाजेपर्यंत कचेरीत बसून राहिली. कोणी आलं नाही. येणार नव्हतंच. निवडणुकीच्या माणसाने घड्याळ बघितलं, वही ओढली आणि लिहिलं, अनुसूचित जमातीचा उमेदवार उपलब्ध नाही, जागा रिक्त. खाली हजर सदस्याची सही लागत होती. दाजी म्हणाले, "साबिराबाय, तुमीच करा."

साबिराने लिहिलेलं आधी सगळं वाचलं, मनातल्या मनात नाही, मोठ्याने. कचेरीत दाजी, ग्रामसेवक आणि तो माणूस, तिघेच होते. मग तिने सही केली आणि घरी गेली. पुढच्या निवडणुकीला जमातीने तिला परत विचारलं. ती नाही म्हणाली.